परदेशी गिऱ्हाइकाआधी त्याला ओळखणारी माणसं शोधा

निर्यात सुरू करायची म्हटलं की बरेच छोटे उद्योजक आधी खरेदीदारांची यादी मिळवायच्या मागे लागतात. हजार-दोन हजार ईमेल पत्ते विकत घ्यायचे, सगळ्यांना एकच पत्र धाडायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. उत्तरं आलीच तर ती बहुधा दोन प्रकारची असतात. एक फुकट नमुने मागणारी आणि दुसरी, आणखी मोठी यादी विकू पाहणाऱ्यांची.

हे असं का होतं, ते खरेदीदाराच्या खुर्चीत बसून पाहा. समजा तुमचा कारखाना अन्नप्रक्रियेच्या यंत्रांना लागणारी रबरी सील आणि गॅस्केट (जोडांमधली गळती रोखणारे भाग) बनवतो. परदेशातल्या एखाद्या डेअरीचा मेन्टेनन्स मॅनेजर तुमचं गिऱ्हाईक होऊ शकतो. त्याच्या दृष्टीने सील ही किरकोळ वस्तू आहे, पण ते फाटलं की सगळी लाईन बंद पडते आणि वरून बोलणी खावी लागतात. सीलमागे थोडे पैसे वाचतील म्हणून तो अनोळखी माणसाचा माल बसवायचा धोका कशाला पत्करेल? त्याची यंत्रं दुरुस्त करणारा ठेकेदार मात्र सहज म्हणाला, "यांची सील मी दोन ठिकाणी बसवलीत, टिकतात," तर तो नक्की कान देतो. ते एक वाक्य तुमच्या चकचकीत कॅटलॉगला भारी पडतं.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाशी जोडलेले यान योहानसन आणि यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की कंपन्या परदेशी बाजारात शिकत शिकत, पायरीपायरीने शिरतात. २००९ मध्ये त्यांनी स्वतःच या मांडणीत मोठी दुरुस्ती केली. परकेपणापेक्षा मोठी अडचण म्हणजे त्या बाजारातल्या नात्यांच्या जाळ्याबाहेर असणं, असं त्यांचं म्हणणं झालं. म्हणून पुढची सगळी कामं त्या जाळ्यात शिरण्यासाठी आहेत. थेट विक्रीचा नंबर बराच नंतर लागतो.

एक माल, एक देश

"आम्हाला निर्यात करायची आहे, कोणी ओळखीचं आहे का?" या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं. "पोलंडमधल्या डेअरींची देखभाल करणारी एखादी कंपनी तुम्हाला माहीत आहे का?" असं विचारलं की समोरच्याच्या डोक्यात लगेच दोन नावं येतात. त्यामुळे ओळखी काढण्याआधी प्रश्न बारीक करून घ्या.

त्यासाठी मालाचा एचएस कोड लागतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या या वर्गीकरणातले पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात, त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो. व्हल्कनाइज्ड रबराची गॅस्केट, वॉशर आणि सील ४०१६.९३ खाली येतात. हा कोड घेऊन जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या 'ट्रेड मॅप'वर गेलात की कोणता देश किती आयात करतो, कोणाकडून करतो आणि आकडा वर्षागणिक चढतोय की उतरतोय हे कळतं. एकाच पुरवठादार देशावर फार अवलंबून असलेला बाजार दिसला तर तिथे खुणेचा कागद ठेवा. दुसरा पर्याय शोधणारी माणसं तिथे सापडण्याची शक्यता जास्त असते.

त्याच बैठकीत मालाला कोणते दाखले लागतात तेही पाहून घ्या. अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या रबरासाठी अमेरिकेत एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) २१ सीएफआर १७७.२६०० हा नियम आहे (सीएफआर म्हणजे तिथली संघीय नियमसंहिता), तर युरोपीय संघात १९३५/२००४ हे मूळ नियमन आणि त्यावर काही देशांचे स्वतःचे नियम. दाखला हातात नसताना ओळख काढली तर ओळख वाया जाते आणि शब्द टाकणाऱ्याचीही पंचाईत होते. तो पुन्हा तुमच्यासाठी तोंड उघडणार नाही.

आहेत त्या ओळखींची उजळणी

हे काम कंटाळवाणं आहे, पण मिळकत इथेच सर्वांत जास्त. एक वही किंवा स्प्रेडशीट घ्या आणि गेल्या काही वर्षांत ज्यांच्याशी व्यवहार झाला त्यांची नावं लिहा. गिऱ्हाइकं तर लिहाच, पण त्यांच्यापाशी थांबू नका.

तुम्हाला कच्चा माल देणारे बरेचदा इतर देशांतल्या तुमच्यासारख्याच कारखान्यांनाही माल देतात. तुमच्या मशीनच्या कंपनीची परदेशात विक्रीची माणसं असतात आणि ती रोज कारखान्यांत जातात. फ्रेट फॉरवर्डरला (माल परदेशी पोचवायची व्यवस्था करणाऱ्याला) कोणाचा माल कुठे जातो हे ठाऊक असतं. तो गिऱ्हाइकांची गुपितं सांगणार नाही, सांगू लागला तर त्याच्यापासून दूरच राहा, पण त्या देशातला त्याचा जोडीदार कोण आणि तिथल्या बंदरावर काय अडतं हे सहज सांगेल. बँकेत परकीय व्यवहार बघणारा अधिकारी, चाचणी प्रयोगशाळा, तपासणी कंपनी, नोकरी सोडून परदेशी गेलेले जुने कर्मचारी आणि सहाध्यायी यांनाही यादीत घ्या. तुमच्या चालू गिऱ्हाइकाची परदेशात शाखा असेल तर ते नाव सगळ्यात वर लिहा, कारण तिथे तुमचा माल आधीच मंजूर झालेला असतो.

जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखी जास्त कामाला येतात. हे चमत्कारिक वाटेल, पण तपासलेलं आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांची पाहणी दिली आहे. वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून नोकरीची खबर मिळालेले त्यात जेमतेम १७ टक्के होते. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण साधं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. तेव्हा तीन वर्षांत ज्याच्याशी बोलणं झालं नाही अशा माणसाचं नाव संकोचाने खोडू नका.

यादी झाली की प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: हा माणूस कोणाला ओळखत असेल? स्वतः माल घेईल का, हा प्रश्न इथे विचारायचाच नाही. तुमच्याच गिऱ्हाइकाला दुसरं काहीतरी विकणारे लोक या कामाला उत्तम. सीलच्या बाबतीत पंप आणि व्हॉल्व्ह विकणारे, साफसफाईची रसायनं पुरवणारे, देखभालीचे ठेकेदार. त्यांची तुमच्याशी स्पर्धा नाही आणि तुमच्यामुळे गिऱ्हाइकाची सोय झाली तर त्यांचाही भाव वधारतो.

शब्द टाकायला कसं सांगायचं

इथे भिडस्त माणूस गप्प बसतो आणि उत्साही माणूस अख्खा कॅटलॉग जोडून पाठवतो. दोन्ही वाया. ज्याला विनंती करायची त्याला कमीत कमी कष्ट पडावेत आणि नाही म्हणायलाही वाट असावी. रासायनिक माल पुरवणाऱ्या एखाद्या कंपनीतल्या माणसाला असं लिहिता येईल:

"नमस्कार. आपल्याकडून आम्ही रबर कंपाउंड घेतो. डेअरीच्या यंत्रांसाठी सील बनवतो आणि अन्नसंपर्काच्या चाचणीचा अहवाल आमच्याकडे आहे. पोलंडमध्ये डेअरींची देखभाल करणारी एखादी कंपनी आपल्या ओळखीत असेल तर तिथल्या तांत्रिक माणसाशी वीस मिनिटं बोलायचं आहे. कोणत्या मापाची सील तिथे वेळेवर मिळत नाहीत आणि बदलताना काय त्रास होतो, एवढं समजून घ्यायचं आहे. त्यांना पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर खाली देतो. आपल्याला अवघड वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा, त्याने आपल्या व्यवहारात काही फरक पडणार नाही."

खालच्या चार ओळी तिसऱ्या माणसासाठी आणि त्याला कळेल अशा भाषेत: आम्ही कोण, काय बनवतो, तुमच्याकडून काय हवं, किती वेळ लागेल. मध्यस्थाने ते नुसतं पुढे ढकलायचं. त्याला स्वतः मजकूर लिहायला लावलात तर काम आठवडाभर पडून राहतं आणि मग विसरलं जातं.

संभाषणात माहितीच विचारायची म्हटलंय तर माहितीच विचारा. वीस मिनिटांची कबुली देऊन अठराव्या मिनिटाला दरपत्रक काढणारे लोक पुष्कळ असतात आणि ते लगेच ओळखू येतात. चांगले प्रश्न असे: सध्याचा पुरवठादार कुठे कमी पडतो, खरेदीचा निर्णय नेमका कोण घेतो, नवा पुरवठादार मंजूर व्हायला किती महिने जातात, पैसे किती दिवसांनी देण्याची पद्धत आहे. शेवटी एक प्रश्न न विसरता विचारा: "आणखी कोणाशी बोलू?" एका ओळखीतून दोन निघतात त्या याच प्रश्नामुळे. बोलणं पार पडलं की ज्याने ओळख करून दिली त्याला त्याच दिवशी दोन ओळी कळवा. हे कोणी करत नाही, म्हणून लक्षात राहतं.

संस्थांची दारं

ओळखीच नसतील तर संस्था आहेत. त्यांच्याकडून आयत्या ऑर्डरची आशा धरू नका, पण दार उघडून द्यायला त्या उपयोगी पडतात. चेंबर ऑफ कॉमर्स ही जुनी व्यवस्था आहे. फ्रान्समधल्या मार्से शहराचं चेंबर १५९९ चं. मालाच्या उगमाचा दाखला बहुतेक देशांत चेंबरकडून मिळतो, त्यामुळे कागदांच्या निमित्ताने तिथे जावंच लागतं. गेलात की कोणत्या देशाशी द्विपक्षीय चेंबर आहे ते विचारा. अशा चेंबरमध्ये दोन्ही बाजूंची माणसं एका खोलीत भेटतात. देशोदेशीची निर्यात प्रोत्साहन मंडळं आणि दूतावासांचे व्यापार विभाग खरेदीदारांशी बैठका ठरवून देतात, काही ठिकाणी नाममात्र शुल्कात. युरोपीय आयोगाने २००८ मध्ये सुरू केलेलं एंटरप्राइझ युरोप नेटवर्क लहान-मध्यम उद्योगांच्या जोड्या जुळवण्यासाठीच आहे. युरोपबाहेरच्या अनेक देशांतही त्याच्या भागीदार संस्था आहेत.

तिथल्या अधिकाऱ्यांना भेटताना "काहीतरी मदत करा" म्हणू नका. देश, माल, एचएस कोड आणि कोणत्या प्रकारच्या कंपनीला भेटायचं ते एका पानावर लिहून न्या. नेमकं मागणाऱ्याचं काम आधी होतं.

प्रदर्शन: पहिल्यांदा नुसतं बघायला जा

मोठ्या प्रदर्शनांची नावं भुरळ घालतात. जर्मनीतल्या हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन १९४७ पासून भरतंय, चीनमधल्या ग्वांगझूचा कँटन फेअर १९५७ पासून वर्षातून दोनदा. पण लहान कारखान्याला आपल्या धंद्याचं नेमकं प्रदर्शन जास्त लाभतं. अन्नप्रक्रियेच्या तंत्रासाठी कोलोनचं अनुगा फूडटेक आहे, पॅकेजिंगसाठी ड्युसेलडॉर्फचं इंटरपॅक. दोन्ही साधारण दर तीन वर्षांनी भरतात, म्हणून तारखा चुकवल्या की बरीच वाट पाहावी लागते.

माझं मत असं की पहिल्या खेपेला स्टॉल घेऊच नये. स्टॉल घेतला की माणूस तिथेच अडकतो आणि पुढून जाणाऱ्यांकडे बघत राहतो. बघायला गेलात तर हवं त्याच्या दारात जाता येतं. खरं काम प्रदर्शनाच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतं. सहभागी कंपन्यांची यादी संकेतस्थळावर असते. त्यातून वीस-पंचवीस निवडा, प्रत्येकीला वेगळं पत्र लिहा आणि ठरावीक वेळ मागा. पहिल्या दिवशी सगळे धावपळीत असतात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर गर्दी ओसरते आणि कंटाळलेली माणसं मनमोकळं बोलतात, पण निर्णय घेणारे साहेब तोवर विमानात बसलेले असतात. मधले दिवस मोठ्या भेटींना ठेवा, शेवटची दुपार माहिती गोळा करायला.

प्रत्येक भेटीनंतर लगेच, पुढच्या स्टॉलवर जाण्याआधी, कार्डाच्या मागे लिहा: काय बोलणं झालं, काय पाठवायचं कबूल केलं, कधी. "६० मिमी, काळं नको पांढरं, चाचणी अहवाल, मंगळवारपर्यंत" इतकं पुरतं. रात्री हॉटेलवर बसून लिहू म्हणाल तर पांढरं कोणाला हवं होतं ते आठवणार नाही. जपानी पाहुण्याच्या देखत मात्र त्याच्या कार्डावर काही खरडू नका. तिथे कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं आणि जपून ठेवायचं असा शिष्टाचार आहे. त्यासाठी वेगळी छोटी वही बरी. परतल्यावर दोन-तीन दिवसांत प्रत्येकाला कबूल केलेली गोष्ट पाठवा. बहुतेक जण इथेच गळतात.

नमुने भरपूर किंवा महागडे असतील तर एटीए कार्ने हा कागद विचारात घ्या. ज्या देशांत तो चालतो तिथे प्रदर्शनाचा माल तात्पुरता नेताना सीमाशुल्क भरावं लागत नाही, मात्र माल मुदतीत परत आणावा लागतो. वाटून टाकायच्या नमुन्यांना तो चालत नाही.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात. लिंक्डइनवर हजार जण जोडण्यापेक्षा ज्या तीस माणसांच्या रोजच्या कामात तुमचा माल येतो त्यांच्या पोस्ट वाचा आणि कामाचं काही सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहा. सील का फाटतं याचा फोटोसकट छोटा खुलासा मेन्टेनन्सवाले वाचतात. "आम्ही अग्रगण्य उत्पादक आहोत" हे कोणी वाचत नाही.

एजंट की वितरक

ओळखी वाढल्या की कोणीतरी म्हणेल, "तुमचं काम या देशात मीच बघतो." कान टवकारावेत अशी ही वेळ. एजंट तुमच्या नावाने ऑर्डर आणतो आणि कमिशन घेतो. वितरक माल स्वतः विकत घेतो आणि स्वतःच्या दराने विकतो. एजंट ठेवला तर गिऱ्हाईक कोण हे तुम्हाला कळतं, पण वसुलीची जोखीम तुमची. वितरकाकडून पैसे एका जागेवरून मिळतात, पण अंतिम गिऱ्हाईक दृष्टीआड जातं.

करार लिहिण्याआधी तिथला कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा. युरोपीय संघात स्वतंत्र व्यापारी एजंटांना १९८६ च्या निर्देशाचं संरक्षण आहे. करार मोडायचा तर पहिल्या वर्षी किमान एक महिन्याची, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्यापासून तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि बरेचदा एजंटाला भरपाईही द्यावी लागते. "जमलं नाही तर काढून टाकू" इतकं ते सोपं नसतं.

संपूर्ण देशाचे एकहाती हक्क पहिल्याच भेटीत मागणाऱ्याला मी तरी देणार नाही. द्यायचेच तर ठरावीक गिऱ्हाईक-वर्गापुरते, एका वर्षासाठी आणि किमान खरेदीची अट घालून. तो आणखी कोणाचा माल विकतो ते विचारा आणि त्यांतल्या दोन कंपन्यांना फोन करा. "पैसे वेळेवर देतो का?" याच्या उत्तराआधी पलीकडचा माणूस किती वेळ घुटमळतो, तेवढ्यावरून बरंच कळतं.

ओळख आहे म्हणून उधारी नको

ओळखीतून आलेल्या गिऱ्हाइकाबाबतीत माणूस सैल पडतो. "अमक्यांनी सांगितलंय म्हणजे चांगलाच असणार." पण अमक्यांनी त्याला ओळखतो एवढंच सांगितलेलं असतं, हमी दिलेली नसते. त्या देशाच्या कंपनी नोंदणीत नाव आणि संचालक पाहा, पतअहवाल मागवा, पहिली ऑर्डर छोटी ठेवा. सुरुवातीला काही रक्कम आगाऊ आणि उरलेली मालाची कागदपत्रं बँकेमार्फत सोपवताना, किंवा रक्कम मोठी असेल तर लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रं दिली की पैसे देण्याची बँकेची हमी. लेटर ऑफ क्रेडिटला २००७ पासून लागू असलेले यूसीपी ६०० हे नियम लावले जातात. त्यानुसार बँक फक्त कागद बघते, माल नाही. बीजकावर आणि पॅकिंग लिस्टवर मालाचं वर्णन विसंगत लिहिलं गेलं तर माल उत्तम असूनही पैसे अडकतात. आधी लिहिलेला फॉरवर्डर आणि बँकेतला अधिकारी इथे कामी येतात. लेटर ऑफ क्रेडिट उघडलं जाण्याआधीच त्याचा मसुदा त्यांच्या नजरेखालून घाला.

किंमत सांगताना कोणत्या अटीवर सांगताय ते इन्कोटर्म्स २०२० नुसार लिहा, म्हणजे माल कुठपर्यंत कोणाच्या खर्चाने आणि जोखमीने जाणार हे ठरवणाऱ्या अटींनुसार. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या या यादीत ११ अटी आहेत. मैत्रीखातर कोणी "सगळं दारापर्यंत तुम्हीच बघा" म्हणालं तर ती डीडीपी (शुल्क भरून दारात पोचवण्याची) अट झाली आणि परक्या देशातलं आयातशुल्कही तुमच्या गळ्यात आलं. कंटेनरच्या मालाला एफओबीपेक्षा (जहाजावर चढवून देण्याच्या अटीपेक्षा) एफसीए (वाहतूकदाराच्या हाती सोपवण्याची अट) बरी, कारण कंटेनर टर्मिनलवर सोपवल्यापासून जहाजावर चढेपर्यंतची जोखीम मग तुमच्यावर राहत नाही.

आणि एक फसवणूक ओळखीच्याच वाटेने येते. रोजच्या गिऱ्हाइकाला तुमच्या नावाने ईमेल जातं की आमचं बँक खातं बदललं आहे. पैसे भलत्याच खात्यात जातात आणि नातं तुटतं. पहिल्या ऑर्डरच्या वेळीच ठरवून टाका की खातं बदललं तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करूनच खात्री करायची.

आपल्याच धंद्यातल्यांशी हातमिळवणी

स्पर्धकांशी बोलायला लोक बिचकतात. पण एकट्याचा माल कंटेनरभर होत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून तो भरता येतो, प्रदर्शनात एकच मोठा स्टॉल घेता येतो, चाचणीचा खर्च वाटता येतो. गॅस्केटवाला, पाइप-जोडणीवाला आणि व्हॉल्व्हवाला एकत्र आले तर देखभालीच्या ठेकेदाराला तिघांकडे वेगवेगळं जायला नको. मर्यादा एकच, पण कडक. एकाच मालाचे स्पर्धक असाल तर दर आणि गिऱ्हाईक वाटून घेण्याबद्दल बोलू नका. बहुतेक देशांच्या स्पर्धाविषयक कायद्यांत तो गुन्हा किंवा जबर दंडाचा विषय आहे. आधी लेखी ठरवा की खर्च कोण किती देणार, चौकशी आली तर ती कोणाकडे जाणार आणि एकाचा माल परत आला तर बाकीच्यांचं काय.

नातं टिकवताना

यादी तिमाहीला एकदा उघडा. प्रत्येक नावापुढे शेवटचं बोलणं कधी झालं आणि कोणी कोणासाठी काय केलं हे दिसलं पाहिजे. फक्त तुम्हीच मागत आला असाल तर आता तुमची पाळी. त्यांच्या कामाची बातमी, एखाद्या चांगल्या पुरवठादाराचं नाव, तुमच्या देशातल्या नियमातला बदल, काहीही चालेल. आधी ठरलं नसताना ओळख करून देणाऱ्याला कमिशन द्यायचं मनात असेल तर त्याच्या कंपनीत ते चालतं का हे विचारल्याशिवाय देऊ नका. पगारी माणसाला गुपचूप दिलेले पैसे अनेक ठिकाणी लाच ठरतात.

माल उशिरा जाणार असेल तर गिऱ्हाइकाला ते तुमच्याकडून आणि लवकर कळायला हवं, आणि ज्याने शब्द टाकला होता त्यालाही त्याच दिवशी. त्याला ते परस्पर तिसऱ्याकडून कळलं तर पुढच्या वेळी तो फोन उचलणार नाही. नवी तारीख सांगताना मनातल्या तारखेत एक आठवडा मिळवूनच सांगा.

वर्षभरात दोन-तीनदा लिहूनही उत्तर न देणाऱ्याचं नाव यादीच्या तळाशी सरकवा, पण पुसू नका. खरेदीतली माणसं नोकऱ्या बदलतात, आणि दुसऱ्या कंपनीत गेल्यावर त्यांनाही नव्या पुरवठादारांची गरज पडते.